मालकाची मोटार : खास बांधणीची परंपरा आणि मुंबईची उपनगरे

प्रस्तावना :

मोटार हे यंत्रयुगाचे प्रातिनिधिक उत्पादन मानले जाते. एकाच आराखड्यावरून एकसारखे हजारो नग काढणे आणि त्यायोगे प्रत्येक नगाची किंमत खाली आणणे, हे या उद्योगाचे मूलतत्त्व होय. तथापि, याच उद्योगाच्या पोटात आरंभापासून एक विरुद्ध प्रवाहही वाहत आला आहे. मोटारी बनविणाऱ्या कंपनीचे मालक, अध्यक्ष किंवा रचनाप्रमुख यांनी स्वतःच्या वापरासाठी कारागिरांकडून एखादाच नग घडवून घ्यावा, अशी ती प्रथा होय. अशा मोटारींकडे सामान्यतः श्रीमंतांचा छंद म्हणून पाहिले जाते, आणि काही प्रमाणात ते खरेही आहे. परंतु यांपैकी काही मोटारींनी पुढे लाखोंच्या संख्येने निघालेल्या मोटारींचे रूप ठरविले, ही बाबही तितकीच खरी आहे.

मुंबई उपनगर जिल्ह्यातील कुर्ला, अंधेरी, पवई आणि कांदिवली या परिसराचा भारतीय मोटार उद्योगाशी दीर्घकालीन संबंध आहे. मोटारीचा कारखाना, रचनेचे शिक्षण देणारी संस्था आणि एकेक मोटार हाताने घडविणारी कार्यशाळा या तिन्ही गोष्टी येथे काही मैलांच्या अंतरात नांदल्या. तरीही दीर्घकाळ त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध आला नाही. खास मोटारीची परंपरा समजावून देणे आणि तिच्या आधारे या विलगतेची कारणे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना व प्रकार :

'खास बांधणीची मोटार' या संज्ञेखाली तीन भिन्न गोष्टी येतात. पहिल्या प्रकारात मूळ मोटार तशीच राहते. रंग, आसने, अंतर्गत सजावट आणि लहानसहान सुटे भाग मात्र बदलले जातात. दुसऱ्या प्रकारात इंजिन आणि चासी मूळ कंपनीची असते, परंतु तिच्यावरील बॉडी पूर्णतः नवी घडविली जाते. तिसऱ्या प्रकारात जवळजवळ सर्वच नव्याने योजिले जाते. असा नग पुढे उत्पादनात येणाऱ्या मोटारीची पूर्वप्रतिकृती ठरू शकतो.

या तिन्हींमागील अर्थकारण एकच आहे. कारखान्यात मोटारीच्या बॉडीचा पत्रा मोठ्या दाबयंत्राखाली पोलादी साच्यांत आकार घेतो. हे साचे अतिशय खर्चिक असतात. मात्र एकदा तयार झाले की प्रत्येक पत्रा काही क्षणांत निघतो. म्हणजेच आरंभीचा खर्च मोठा आणि प्रत्येक नगाचा खर्च अल्प असतो. हाताने घडविलेल्या मोटारीत याच्या नेमके उलट घडते. आरंभीचा खर्च अल्प असतो, पण प्रत्येक नगामागे कुशल माणसांचे महिनोन्‌महिने खर्ची पडतात. त्यामुळे हजार मोटारी हाताने करणे परवडत नाही. परंतु एखादी नवी कल्पना पडताळून पाहायची असेल, तर कोट्यवधींचे साचे करण्यापूर्वी एक नग हाताने करून पाहणे हाच स्वस्त मार्ग ठरतो. कंपनीच्या प्रमुखाची खास मोटार या दोन पद्धतींच्या सांध्यावर उभी असते.

पाश्चात्त्य उद्योगातील उदाहरणे :

या सांध्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेत सापडते. हेन्री फोर्ड यांचे पुत्र आणि फोर्ड मोटार कंपनीचे अध्यक्ष एडसेल फोर्ड यांनी १९३० च्या दशकात आपले रचनाकार ई. टी. ग्रेगरी यांच्याकडून स्वतःसाठी काही मोटारी करवून घेतल्या. त्यांपैकी १९३९ मधील मोटार विशेष महत्त्वाची होय. लिंकन झेफिर या चालू मोटारीच्या आराखड्यावरच ग्रेगरी यांनी नव्या रेषा ओढल्या, बोनेट लांबविले, बॉडीची उंची कमी केली आणि मागील बाजूस सुटे चाक उभे बसविले. ही मोटार एडसेल यांच्या फ्लोरिडातील सुटीसाठी होती. तेथील परिचितांनी तिच्यात इतका रस दाखविला, की कंपनीने ती उत्पादनात आणण्याचे ठरविले. लिंकन कॉन्टिनेन्टल या नावाने ती बाजारात आली, आणि १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मोटारींचे जे प्रदर्शन भरविले, त्यातील आठ मोटारींत तिचा समावेश झाला. एका माणसाच्या सुटीसाठी केलेली मोटार अवघ्या एका तपात कलावस्तू म्हणून मान्यता पावली.

दुसरे उदाहरण हार्ले अर्ल यांचे आहे. त्यांच्या वडिलांचा लॉस एंजेलिस येथे बॉडी बांधण्याचा कारखाना होता आणि हॉलिवूडमधील चित्रपट कलावंत त्याचे ग्राहक होते. या कारखान्यातील काम पाहूनच जनरल मोटर्सने अर्ल यांना पाचारण केले. त्यांनी रूप दिलेली ला साल ही मोटार १९२७ मध्ये बाजारात आली, आणि त्याच वर्षी कंपनीने त्यांच्या नेतृत्वाखाली रचनेचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. १९३८ मध्ये अर्ल यांनी ब्यूक वाय-जॉब ही एकमेव मोटार तयार करविली. झाकले जाणारे दिवे, विजेवर चालणाऱ्या काचा आणि मागे पूर्णपणे लपणारा टप ही तिची वैशिष्ट्ये होती. ती केवळ प्रदर्शनात उभी राहिली नाही. अर्ल यांनी ती अनेक वर्षे स्वतः वापरली. त्यामुळे रस्त्यावरील धूळ, पाऊस आणि लोकांच्या नजरा या तिन्हींची परीक्षा तिला द्यावी लागली. १९५१ च्या ल सॅब्रे या त्यांच्या पुढील मोटारीत पावसाचा थेंब पडताच टप आपोआप वर येण्याची योजना होती.

युरोपात या प्रथेला अधिक वैयक्तिक रूप लाभले. ॲस्टन मार्टिनचे मालक डेव्हिड ब्राउन यांना शिकारी कुत्र्यांसह प्रवास करण्याजोगी मोटार हवी होती, म्हणून १९६० च्या दशकात डीबी ५ या मोटारीला मागे लांब छत देण्यात आले. इतर ग्राहकांनीही तशी मागणी केल्यावर लंडनच्या हॅरॉल्ड रॅडफर्ड या बॉडी बांधणाऱ्या संस्थेने तशा सुमारे डझनभर मोटारी बनविल्या. फेरी पोर्श यांच्या १९६९ मधील साठाव्या वाढदिवसानिमित्त ९१४ या लहान मोटारीत शर्यतीच्या मोटारीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसविण्यात आले. तशीच दुसरी मोटार फर्डिनांड पिएख यांच्यासाठी झाली, आणि या दोहोंपलीकडे तिचे उत्पादन झाले नाही. फियाटचे प्रमुख जियानी आन्येली यांच्यासाठी पिनिनफारिना या इटालियन संस्थेने १९६६ मध्ये मध्यभागी चालकाचे आसन असलेली तीन आसनी फेरारी घडविली, तर १९८६ मध्ये उघड्या टपाची चंदेरी टेस्टारोसा त्यांना देण्यात आली.

या उदाहरणांतून एक भेद स्पष्ट होतो. कॉन्टिनेन्टल आणि वाय-जॉब यांनी कारखान्याला काही परत दिले. नऊशे चौदाची आठ सिलिंडरची आवृत्ती किंवा आन्येली यांची टेस्टारोसा या मात्र मालकापाशीच थांबल्या. खास मोटारीचे मूल्यमापन करताना ती किती महाग होती यापेक्षा तिच्यातून कारखान्याकडे काय परत गेले, हा निकष अधिक उपयुक्त ठरतो. अर्ल यांच्याबाबतीत तर मोटारीबरोबर कारागिरीही आत गेली. चित्रपट कलावंतांसाठी मोटारी घडविणारा माणूस आणि त्याची कार्यपद्धती जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीच्या आत सामावली गेली.

बांधणीची प्रक्रिया :

अशी मोटार प्रत्यक्षात कशी घडते, हे समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन अपुरे राहील. प्रथम कागदावर रेखाचित्रे होतात. त्यांतून निवडलेल्या रूपाची मातीची प्रतिकृती करतात. ही माती कुंभाराची नसून मेणमिश्रित, उष्णतेने मऊ होणारी आणि थंड झाल्यावर खरवडता येणारी असते. अर्ल यांच्या विभागाने हे तंत्र उद्योगात रूढ केले. मातीवरून मापे घेऊन लाकडी सांगाडा तयार होतो आणि कारागीर ॲल्युमिनिअमचा किंवा पोलादी पत्रा हातोडीने ठोकून, यंत्राच्या चाकांमध्ये फिरवून त्या सांगाड्यावर बसवितात. फायबरची बॉडी असेल, तर मातीवरून साचा काढून त्यात काचतंतू आणि रेझिन यांचे थर देतात. त्यानंतर पुटी भरणे, घासणे, रंगाचे थर चढविणे, विजेची जोडणी आणि शेवटी आसनांचे काम अशी क्रमाक्रमाने वाटचाल होते. आता संगणकावरील त्रिमितीय आराखडा आणि यंत्राने कोरलेली माती यांमुळे आरंभीचे टप्पे जलद झाले आहेत. मात्र पत्र्याची गोलाई तळहाताने तपासणाऱ्या कारागिराची गरज संपलेली नाही.

यात आणखी एक तांत्रिक बाब निर्णायक ठरते. जुन्या मोटारींत चासी हा स्वतंत्र मजबूत सांगाडा असे आणि बॉडी त्याच्यावर बसविलेली असे. ती काढून दुसरी बसविणे शक्य होते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून चासी आणि बॉडी एकजीव असलेल्या मोटारी रूढ झाल्या. यात छत, खांब आणि तळ हे सर्व मिळून भार पेलतात. अशा मोटारीचे छत कापणे म्हणजे घराची भिंत पाडण्यासारखे होय. युरोप-अमेरिकेतील बॉडी बांधणाऱ्या स्वतंत्र संस्थांचा ऱ्हास होण्यामागे हेही एक प्रमुख कारण आहे.

कुर्ला : परका आराखडा, आपले हात :

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या नावांची वाहने येथे जुळविली जात. पुढे फियाटशी करार होऊन १९५१ पासून फियाट मोटारी निघू लागल्या. त्यापूर्वीच, १९२८ पासून, जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडी येथे होता. परंतु केवळ जुळणी न करता देशात उत्पादन करणाऱ्यांनाच वाव देण्याचे धोरण १९५३ मध्ये शासनाने स्वीकारल्यावर तो १९५४ मध्ये बंद झाला. अर्ल यांचा विभाग ज्या कंपनीत होता, ती कंपनी मुंबईत सव्वीस वर्षे असूनही तिचे येथील कार्य जुळणीपुरतेच राहिले.

कुर्ल्याच्या कारखान्याने उत्पादनाच्या अंगाने फार मोठे कार्य केले. पत्रा, ओतकाम, इंजिन आणि सुटे भाग यांचे देशीकरण झाले आणि कामगारांच्या एका संपूर्ण पिढीला यंत्रविद्या अवगत झाली. मात्र मोटारीचे रूप तूरिनहून आले होते. फियाट ११०० ची १९६२ मधील इटालियन आवृत्ती येथे काही नावे बदलत १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि किरकोळ बदलांसह शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी अधिकृतरीत्या निवृत्त झाली.

तीन दशकांहून अधिक काळ एखाद्या मोटारीचे बाह्यरूप जवळजवळ न बदलण्याचे कारण केवळ भांडवलाची टंचाई नव्हते. परवाना पद्धतीत किती मोटारी काढायच्या हे शासन ठरवीत असे. ग्राहकाला नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. दाराशी रांग उभी असताना ग्राहकाची आवड तपासण्याची निकड उत्पादकाला भासत नाही. एडसेल फोर्ड यांना शेजारच्या प्रतिस्पर्ध्याहून देखणी मोटार हवी होती, कारण ग्राहक त्याच्याकडे जाऊ शकत होता. कुर्ल्यात ती भीतीच नव्हती. ज्या व्यवस्थेत चुरस नाही, तेथे मालकाच्या खास मोटारीला प्रयोगाचे मोलही येत नाही.

कौशल्य मात्र कारखान्याबाहेर वाढत होते. पद्मिनी ही एकजीव बॉडीची मोटार असल्याने अपघातानंतर तिची दुरुस्ती नाजूक असे. डेंटर, रंगारी, वेल्डर आणि गादीकाम करणारे कारागीर यांची वस्ती गॅरेजांच्या अनुषंगाने उपनगरांत पसरली. कुर्ला-कलिना दरम्यानचा सीएसटी रोड हा जुने सुटे भाग आणि सजावटीचे सामान यांची बाजारपेठ म्हणून प्रसिद्धीस आला. हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे जात होते. त्याला ना प्रमाणपत्र होते, ना पाठ्यपुस्तक.

अंधेरी : ग्राहकासाठी घडविलेली मोटार :

१९९१ मधील नव्या औद्योगिक धोरणानंतर १९९३ मध्ये मोटार उत्पादन परवानामुक्त झाले. त्याच वर्षी दिलीप छाब्रिया यांनी मुंबईत डीसी डिझाइन ही संस्था स्थापन केली. कॅलिफोर्नियातील आर्ट सेंटर कॉलेज ऑफ डिझाइन येथे त्यांचे शिक्षण झाले होते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची कार्यशाळा नावारूपास आली. उद्योगपती, राजकीय नेते आणि चित्रपट कलावंत हे तिचे ग्राहक होते. अंधेरी-गोरेगाव परिसरातील चित्रपटसृष्टीला लागणाऱ्या सजविलेल्या व्हॅन्सही तेथे घडल्या. २००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'टारझन : द वंडर कार' या हिंदी चित्रपटातील मोटार याच संस्थेने टोयोटाच्या एका लहान मोटारीवर बांधली होती.

येथील कामात एक वैशिष्ट्य ठळकपणे जाणवते. एडसेल फोर्ड आणि हार्ले अर्ल आपल्या मोटारी स्वतः चालवीत असत. म्हणून त्यांचे लक्ष बॉडीची रेषा, इंजिन आणि चालकाची बैठक यांकडे होते. मुंबईतील मालक मागील आसनावर बसतो. पश्चिम द्रुतगती मार्गावरील कोंडीत दिवसाचे दोन-तीन तास जात असतील, तर मोटार हेच त्याचे कार्यालय आणि विश्रांतिगृह बनते. स्वाभाविकच अंधेरीच्या कार्यशाळेला मिळालेले बरेचसे काम मागील भागाचे होते. टोयोटा इनोव्हासारख्या प्रशस्त वाहनातील आसने काढून दोन आरामखुर्च्या, मधला पडदा, दूरचित्रवाणी आणि लिखाणाचे मेज बसविणे, हे त्याचे परिचित रूप होय. हे कारागिरीने उत्तम काम आहे. परंतु वर मांडलेल्या वर्गीकरणात ते पहिल्या प्रकारात मोडते. त्यातून मोटार कंपनीला शिकण्याजोगे थोडेच उरते.

याला अपवाद ठरलेली घटना म्हणूनच विशेष उल्लेखनीय आहे. २००३ च्या डेट्रॉइट येथील मोटार प्रदर्शनात ॲस्टन मार्टिनने एएमव्ही ८ व्हँटेज ही संकल्पना-मोटार मांडली. तिची रचना हेन्रिक फिस्कर यांच्या नेतृत्वाखाली झाली होती आणि प्रदर्शनातील नग घडविण्याचे काम डीसी डिझाइनने केले होते. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, व्हँटेजची उत्पादित आवृत्ती जिनिव्हात सादर झाली. ज्या कंपनीच्या मालकाने कुत्र्यांसाठी मोटार लांबविली होती, तिच्या नव्या मोटारीला भारतीय हातांनी प्रत्यक्ष आकार दिला. या घटनेने येथील कारागिरीची पात्रता सिद्ध झाली. पात्रता असूनही भारतीय मोटार कंपनीच्या आत तिला स्थान मिळाले नाही, हेही तिने तितक्याच स्पष्टपणे दाखविले. हार्ले अर्ल यांना जनरल मोटर्सने आत घेतले, अंधेरीची कार्यशाळा बाहेरच राहिली. पुढे २०१२ मध्ये याच संस्थेने अवंती ही स्वतःची क्रीडामोटार सादर केली. तथापि, कार्यशाळेला स्वतःच कंपनी व्हावे लागणे आणि कंपनीने कार्यशाळा आत्मसात करणे या दोन भिन्न वाटा आहेत. पहिलीत चाचण्या, विक्री, सेवा आणि भांडवल यांचा सगळा भार एकाच लहान संस्थेवर पडतो.

पवई आणि कांदिवली : तुटलेला सांधा जुळतो तेव्हा :

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्राची स्थापना झाली. जे. जे. कला महाविद्यालय आणि जर्मनीतील उल्म येथे शिकलेले प्रा. सुधाकर नाडकर्णी यांचा त्याच्या जडणघडणीत प्रमुख वाटा होता. वस्तूचे रूप, उपयोग आणि उत्पादन यांचा एकत्र विचार करणारे शिक्षण देशात येथून रुजू लागले. परंतु कुर्ल्याचा कारखाना जवळ असूनही नवे रूप शोधण्याची गरज त्याला नव्हती. त्यामुळे पवईच्या पदवीधरांना मोटार उद्योगात वाव उशिरा मिळाला.

हा सांधा जुळल्याचे महत्त्वाचे उदाहरण महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीत आढळते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा कांदिवली येथील कारखाना उपनगराच्या औद्योगिक इतिहासाचा भाग आहे. पवईच्या केंद्रातून शिक्षण घेतलेल्या रामकृपा अनंतन १९९७ मध्ये या कंपनीत दाखल झाल्या आणि पुढे रचना विभागाच्या प्रमुख झाल्या. एक्सयूव्ही ५०० (२०११) आणि टीयूव्ही ३०० (२०१५) ही त्यांच्या कारकिर्दीतील वाहने होत. टीयूव्ही ३०० बाजारात आल्यानंतर कंपनीचे अध्यक्ष आनंद महिंद्रा यांनी स्वतःसाठी तिची पोलादी राखाडी रंगाची, चिलखत घातल्यासारखी भासणारी खास आवृत्ती करवून घेतली आणि तिचे छायाचित्र लोकांसमोर ठेवले. ही मोटार किमतीने आन्येली यांच्या फेरारीच्या जवळपासही नव्हती. परंतु ती कंपनीच्या स्वतःच्या वाहनावर आधारित होती आणि तिच्यावरील प्रतिक्रिया कंपनीपर्यंत थेट पोहोचत होत्या. मालकाची खास मोटार आणि कारखाना यांतील परतीची वाट येथे खुली होती.

त्याच वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, महिंद्रा समूहाने पिनिनफारिना ही संस्था संपादन करण्याचा करार केला. फियाटच्या प्रमुखासाठी मोटारी घडविणारी संस्था अशा रीतीने मुंबईच्या उद्योगसमूहाकडे आली. त्यातून पुढे आलेल्या बतिस्ता या विद्युत मोटारीचे २०१९ मध्ये जिनिव्हात अनावरण झाले आणि तिचे केवळ १५० नग काढण्याचे जाहीर झाले. कुर्ल्याने इटालियन आराखडा परवान्याने आणला होता. सहा दशकांनंतर कांदिवलीशी नाते सांगणाऱ्या कंपनीने इटालियन आराखडा घडविणारी संस्थाच घेतली. हा प्रवास अभिमानास्पद असला, तरी तो विकत घेतलेल्या ज्ञानाचा आहे. सीएसटी रोडवरील कारागिराचे ज्ञान त्यात अद्याप कोठेच नाही.

टाटा समूहातील एक उदाहरण या चर्चेला पूरक ठरते. रतन टाटा यांनी स्थापन केलेल्या इलेक्ट्रा ईव्ही या कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना ७२ व्होल्टची विजेवर चालणारी नॅनो भेट दिली. मूळ नॅनोचे उत्पादन २०१८ मध्येच थांबले होते. माजी अध्यक्षाची खास मोटार म्हणजे महागडे वाहन असलेच पाहिजे, या समजुतीला या लहानशा मोटारीने छेद दिला. येथे ऐषारामापेक्षा तंत्राची खातरजमा महत्त्वाची होती.

कायद्याची चौकट :

कंपनीच्या आत होणारी खास मोटार आणि बाहेरच्या कार्यशाळेत होणारी मोटार यांत कायदाही भेद करतो. उत्पादक कंपनी आपल्या नव्या वाहनाची अधिकृत चाचणी संस्थेकडून तपासणी करून घेऊ शकते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यांपैकी प्रमुख होय. नोंदणी झालेल्या वाहनात बदल करण्यावर मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. छत कापलेल्या किंवा सांगाडा बदललेल्या वाहनाच्या सुरक्षिततेची हमी कोणी द्यायची, हा प्रश्न रास्त असल्याने या निर्बंधाचे प्रयोजन समजण्यासारखे आहे. परंतु त्याचा एक परिणाम असाही होतो, की कंपनीबाहेरील कारागिराला धाडसी प्रयोगाचा कायदेशीर मार्ग जवळजवळ उरत नाही. त्याचे कौशल्य सुरक्षित क्षेत्राकडे, म्हणजे आसने व सजावट यांकडे वळते.

एक आक्षेप व त्याचा विचार :

ज्या शहरात लक्षावधी माणसे लोकलच्या दारात लोंबकळत प्रवास करतात, तेथे मालकांच्या मोटारींचा एवढा विचार कशासाठी, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. हा आक्षेप गंभीर आहे आणि केवळ प्रतिष्ठेसाठी केलेल्या मोटारीला तो पूर्णतः लागू पडतो. तथापि, हस्तकौशल्याला आश्रय कोठून मिळतो, हा प्रश्न त्याच्याइतकाच महत्त्वाचा आहे. पैठणी असो वा मंदिरांचे कोरीव काम, सूक्ष्म कारागिरी दीर्घकाळ धनिकांच्या व देवस्थानांच्या आश्रयावर टिकली. आश्रयदात्याच्या हौसेतून निर्माण झालेले कौशल्य पुढे सर्वांच्या उपयोगी पडते की त्याच्या दिवाणखान्यातच संपते, यावर त्या आश्रयाचे सामाजिक मूल्य ठरते. अपंग व्यक्तींसाठी मोटारीत बदल करणे, रुग्णवाहिकेची अंतर्गत रचना किंवा फिरते ग्रंथालय यांसाठी लागणारे हात तेच आहेत, जे आज उद्योगपतींच्या आरामखुर्च्या बसवितात.

समारोप :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. खास बांधणीची मोटार ही केवळ विलासवस्तू नाही. योग्य परिस्थितीत ती कारागिराचा बाक आणि कारखान्याची साखळी यांना जोडणारा दुवा ठरते. तशी परिस्थिती निर्माण होण्यासाठी बाजारात चुरस, कंपनीच्या आत रचनेचा विभाग आणि कारागिराला आत घेण्याची तयारी या तीन गोष्टी आवश्यक असतात. मुंबईच्या उपनगरांत पहिली १९९३ नंतर आली, दुसरी त्यानंतर हळूहळू विकसित झाली, तिसरी अजूनही अपुरी आहे.

विद्युत वाहनांमुळे या प्रश्नाला नवे परिमाण लाभले आहे. महिंद्राच्या २०२४ मध्ये सादर झालेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या मोटारी एकाच विद्युत तळावर उभारल्या आहेत. बॅटरी आणि मोटर यांचा सपाट तळ समान ठेवून त्यावर वेगवेगळ्या बॉडी बसविण्याची ही पद्धत जुन्या चासीच्या युगाची काही अंशी आठवण करून देते. पत्रा, फायबर आणि गादीकाम जाणणाऱ्यांना त्यातून पुन्हा वाव मिळू शकतो, परंतु तो आपोआप मिळणार नाही.

येथे महाविद्यालयांची भूमिका येते. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली पिढी आता वार्धक्यात आहे, तर गॅरेजमधील उस्तादांच्या हातांतील ज्ञान बव्हंशी अलिखित आहे. वाणिज्य, इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन उपनगरांतील कारागिरांच्या मुलाखती, त्यांची हत्यारे, कामाच्या पद्धती आणि त्यांच्या बोलीतील पारिभाषिक शब्द यांची नोंद केली, तर एका दुर्लक्षित औद्योगिक वारशाचे जतन होईल. अशा प्रकल्पाला मोठ्या निधीची आवश्यकता नाही. विद्यार्थी, वही आणि ध्वनिमुद्रणाची साधी सोय पुरेशी आहे. एडसेल फोर्ड यांच्या मोटारीचे आराखडे जपले गेले, म्हणून तिचा इतिहास आज सांगता येतो. अंधेरीत ज्यांनी पत्रा ठोकून डेट्रॉइटला गेलेली मोटार घडविली, त्या कारागिरांचीही नोंद होणे हे अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.